सल्ला उसवतो कधी?

शिवणवर्गात सगळ्यात कमी बोललं जातं ते शिवणावर. मुंढा कुठे ओढतोय, गळ्याला उरेब पट्टी कशी फिरवायची, हे दोन वाक्यांत सांगून होतं. बाकीचा वेळ हात चालू असतात आणि तोंडंही. एकीच्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आहे आणि त्यांना तिघा भावांपैकी कोणी न्यायचं यावर तिघेही गप्प आहेत. दुसरीला माहेरहून फोन आलाय, ‘एक सही करून जा, येताना आधार कार्ड आण.’ तिसरी बराच वेळ काहीच बोलत नाही. मग सुईवरची नजर न काढता विचारते, नवऱ्याच्या नावावरचा फ्लॅट नवऱ्यामागे आपोआप बायकोचाच होतो ना?

अशा प्रश्नांची आणि त्यांना मिळालेल्या उत्तरांची ही वही. वहीच म्हणायला हवी, कारण यातला बराचसा मजकूर आधी कुणाच्या ना कुणाच्या मापांच्या वहीत टिपलेला होता. पानावर छाती ३६, कमर ३०, बाही ९, आणि त्याच पानाच्या कडेला घाईघाईत ‘वारस नोंद – मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र’. छापताना शिवण, मालमत्ता आणि घरची जबाबदारी असे तीन भाग पाडले, ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. बोलण्यात हे विषय कधी वेगळे नव्हतेच. माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडला म्हणून बहिणीला साडीचोळी मिळते. त्या चोळीचा खण घेऊन ती वर्गात येते आणि खण कापता कापता विचारते, ‘सही केली ते बरं केलं ना हो ताई?’

छापील मराठीत घरगुती सल्ल्याची परंपरा चांगली शंभर वर्षांहून जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं राहिलं. तिथे मोठ्या वयाच्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, तशा शिवायलाही शिकल्या. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० चं. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये निघालं, पुढे आकाशवाणीवर ‘वनिता मंडळ’ आलं, आणि १९७३ पासून ‘कालनिर्णय’च्या पानांच्या मागल्या बाजूने पाककृती आणि घरगुती माहिती थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर चढली. या सगळ्यात सल्ला वरून खाली येई. जाणकार सांगणार, गृहिणी कात्रण कापून डब्यात ठेवणार. इकडच्या बाईने तिकडच्या बाईला सांगितलेलं क्वचितच छापलं गेलं. आणि शेतजमिनीबद्दल, घराबद्दल बाईने काही विचारावं इतकं तिच्या हाती तरी काय होतं? १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याचा वाटा मिळाला, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिला पुरती मालक केलं, तरी एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दार उघडलं, तेही तोवर लग्न न झालेल्या मुलींसाठी. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अट गेली. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत की नकोत, हा घोळ मात्र आणखी पंधरा वर्षं चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नकोत’ म्हणून तो मिटवला. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी होऊन किंवा कोर्टाच्या हुकुमाने जी वाटणी झाली, ती तशीच राहते. एवढं सोडलं तर आज साठीला आलेल्या बाईलाही भावाइतकाच वाटा आहे. तिच्या आईकडे हा प्रश्नच नव्हता, त्यामुळे आईचा सल्लाही तिच्या गाठीशी नाही. ती विचारणार तरी कोणाला? शेजारच्या मशीनवर बसलेलीलाच.

या वहीबद्दल मला सांगायचं आहे ते एवढंच. शिवणाचा सल्ला चुकला तर संध्याकाळपर्यंत कळतं, ब्लाउज अंगात घातला की काखेत काचतो. मालमत्तेचा सल्ला चुकला तर ते कळायला पंधरा-वीस वर्षं जातात आणि तोवर सांगणारी हयात असेलच असं नाही. घरातल्या कर्तव्याचा सल्ला चुकला की बरोबर होता, हे तर बहुधा कधीच कळत नाही, कारण तसं न करता असं केलं असतं तर काय झालं असतं हे पाहायची सोय नसते. देणारी मात्र तिन्ही सल्ले एकाच सुरात, एकाच खात्रीने देते, आणि घेणारी तिन्ही एकाच विश्वासाने घेते. फॉलबद्दल जिचं म्हणणं दर वेळी खरं ठरलं, तिचं हक्कसोडीबद्दलचं म्हणणंही आपण डोळे मिटून मानतो. माझी भीती ही आहे.

फॉलचंच घ्या. सुती फॉल आधी पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची आणि मगच साडीला लावायचा. दुकानातून आणला तसाच लावला तर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि नेसताना साडीचा काठ खालून गोळा होतो. वरची कड हाताने तुरपायची, सुईवर साडीचा एखादाच धागा उचलून, म्हणजे उजव्या बाजूने टाका दिसत नाही. तान्ह्या बाळाच्या झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची. आत राहिली तर कोवळ्या काखेला घासते. कापड नवं घेऊ नये, खूप वेळा धुतलेली आजीची सुती साडी घ्यावी. ब्लाउजला छातीचा चौथा भाग धरायचा, छत्तीसला नऊ, त्यात सैलपणा मिळवायचा, आणि बाजूच्या शिवणीत माया सढळ सोडायची, कारण अंग वर्षभरात बदलतं. मशीनवर खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होत असेल तर बॉबिनला दोष देण्याआधी वरचा दोरा काढून नीट पुन्हा ओवावा, गडबड बहुतेक वेळा वरच असते. टाके सुटत असतील तर आधी सुई बदलावी. सुई ही मशीनमधली सगळ्यात स्वस्त वस्तू असून बायका ती मोडेपर्यंत वापरतात. यातलं काहीही मान्य करण्याआधी चिंधीवर करून पाहता येतं. त्यामुळे या भागात दोघींची मतं जुळली नाहीत तिथे दोन्ही ठेवली आहेत. कटोरी चांगली की साधे टक्स, हा वाद इथे मिटणार नाही आणि मिटायची गरजही नाही.

मालमत्तेचा भाग मी सगळ्यात सावकाश वाचला. वाचणाऱ्यांनीही तसाच वाचावा.

गावाकडे वडील गेले की वारसांनी तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. कायदा त्यासाठी तीन महिने देतो, लोक तीस वर्षं घेतात. नोंद फेरफार रजिस्टरात चढते, नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. मग सातबाऱ्यावर नावं येतात. ती कुठे आली हे बघायला फार कमी जणी जातात. पुष्कळ जुन्या सातबाऱ्यांवर भावांची नावं कब्जेदाराच्या जागी असतात आणि आई-बहिणींची ‘इतर हक्क’ या रकान्यात. या वहीत एकीने दुसरीला धीर दिला आहे, ‘इतर हक्कात नाव आहे ना, मग झालं की.’ झालं नाही. तो रकाना सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क अशा गोष्टींसाठी आहे. वारस बहीण ही भावासारखीच कब्जेदार, तिची जागा भावाच्या नावाशेजारी. नाव चुकीच्या रकान्यात पडलं म्हणून तिचा वाटा बुडत नाही, कारण सातबारा हा महसुलाचा कागद आहे, तो मालकी निर्माण करत नाही. पण रस्त्यासाठी जमीन गेली की मोबदल्याची नोटीस ज्या नावांना जाते, गिऱ्हाईक आला की तो ज्या नावांशी बोलतो, ती कब्जेदाराच्या जागची नावं असतात.

आणि हक्कसोड. स्थावर मालमत्तेतला वाटा सोडायचा तर कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, घरी बसून मुद्रांकावर घेतलेल्या सहीने भागत नाही. म्हणून तर माहेरहून फोन येतो. कार्यालयात बाहेरच्या बाकावर भाऊ, वहिनी, ओळख पटवायला आणलेले दोघे आणि कागद लिहिणारा यांची गर्दी. नंबर आला की तिला खुर्चीवर बसवतात. समोर छोटा कॅमेरा, शेजारी अंगठा टेकवायचं यंत्र. ‘मजकूर मान्य आहे?’ या प्रश्नाला मान हलवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काम होतं. मजकुरात ‘स्वखुशीने, कोणत्याही दडपणाविना’ हे शब्द असतात आणि ते तिने वाचलेले नसतात. बाहेर आल्यावर हॉटेलात जेवण, मग साडीचोळी.

या वहीतला सगळ्यात मोलाचा सल्ला एका बाईने फार थोडक्यात दिला आहे. वारस नोंदीसाठी लागणारी सही आणि हक्कसोडीची सही हे दोन वेगळे कागद आहेत, ‘एक सही’ म्हणून बोलावलं तर कोणती ते आधी विचार. दुसरीने त्यात भर घातली की तेराव्याच्या आठवड्यात कशावरच सही करू नये. मी आणखी एक जोडते. सोडायचाच झाला तर कोणाच्या लाभात सोडतो ते नाव वाचावं. आईच्या नावे सोडला असं समजून थोरल्या भावाच्या नावे सोडलेले वाटे पुष्कळ आहेत. एकदा नोंदवलेला कागद परत फिरवायचा तर दिवाणी कोर्टात फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि फसवणूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तोवर भाचे मोठे होऊन त्याच जमिनीवर घर बांधून राहिलेले असतात.

प्रत्येक बहिणीने वाटा मागावाच असं माझं म्हणणं नाही. ज्या भावाने आईबापांचं सगळं केलं त्याला समजून-उमजून वाटा सोडणाऱ्या बायका आहेत आणि त्यांच्या निर्णयात मला काही कमी दिसत नाही. ‘मागितलंस तर माहेर तुटेल’ हा सल्ला मात्र या वहीत ज्या सहजपणे येतो, त्याने मी अस्वस्थ झाले. तो देणारीनेही बहुधा सही केलेली असते, आणि सगळ्यांनी केली तर आपली चुकली असं वाटत नाही.

उलट दिशेचं एक उदाहरण इथे नोंदवायला हवं, कारण ते आपल्याच मातीतलं आहे. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला भरलं. त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. शेतकऱ्याने आपल्या हयातीत, आपल्या हाताने, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. ज्या गावात शंभर जणींच्या नावे जमीन होईल ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. सरकारने १९९२ मध्ये योजना आणून सातबाऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावायची वाट सोपी केली. त्या गावांतल्या बायकांकडे वारस नोंदीचा प्रश्नच वेगळा असतो, त्या आधीच कागदावर असतात.

शहरात जमिनीऐवजी फ्लॅट, आणि फ्लॅटभोवती नॉमिनी या शब्दाचा गोंधळ. नॉमिनी म्हणजे मालक, हे या वहीत मला अनेक ठिकाणी सापडलं आणि प्रत्येक ठिकाणी खाली टीप घालावी लागली. नॉमिनीने रक्कम किंवा फ्लॅट वारसांच्या वतीने सांभाळायचा असतो. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितलं (आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तिथे विम्यापुरता नियम २०१५ च्या दुरुस्तीने बदलला), शेअरबाबत २०२३ मध्ये. महाराष्ट्रातली गृहनिर्माण संस्था नॉमिनीला करून घेते ते तात्पुरतं सभासद, वारस ठरेपर्यंत. सुईवरून नजर न काढणाऱ्या त्या बाईला उत्तर द्यायचं तर असं. मृत्युपत्र न करता नवरा गेला, तर त्याच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये बायको, प्रत्येक मूल आणि त्याची आई यांना सारखा वाटा. सासूबाई हयात असतील तर त्याही आल्या. हे ऐकून वर्गात शांतता पसरते असं मला सांगण्यात आलं आहे.

याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट बाईच्या स्वतःच्या मिळकतीची. समजा मूलबाळ नसलेल्या एका विधवेने पिकोफॉल करून, ब्लाउज शिवून एक खोली घेतली आणि मृत्युपत्र न करता ती गेली. १९५६ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाने ती खोली तिच्या आईवडिलांआधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. २००९ मध्ये अशाच एका बाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. लग्नानंतर तीन महिन्यांतच नवरा गेला, सासरी थारा मिळाला नाही, माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसे साठवले. तिच्यामागे ते मिळाले नणंदेच्या मुलांना. न्यायालयाने म्हटलं, सहानुभूती वेगळी आणि कायदा वेगळा. यावर उपाय साधा आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत आणि त्यांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं. हा सल्ला वहीत एकदाच आला आहे. तो दहादा यायला हवा होता.

तसंच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचं. नवऱ्याने विमा उतरवतानाच या कायद्याखाली बायको-मुलांसाठी उतरवला, तर ती रक्कम त्याच्या सावकारांना सहसा शिवता येत नाही. धंदेवाईक नवरा असलेल्या घरात याचं महत्त्व सांगायला नको. पॉलिसी निघाल्यावर मागाहून हे करता येत नाही. दीडशे वर्षांचा कायदा, आणि अर्जावरचा तो रकाना बहुतेक वेळा रिकामाच जातो.

घरच्या जबाबदारीच्या भागाबद्दल लिहिताना माझा हात आखडतो. तिथे कायदा थोडं सांगतो आणि माणसं फार बोलतात. कायदा सांगतो ते आधी पाहू. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली आईवडील प्रांताधिकाऱ्याकडे मुलांविरुद्ध निर्वाहासाठी अर्ज करू शकतात, आणि रक्कम महिना दहा हजारांपर्यंत ठरू शकते. त्या कायद्यातली ‘मुलं’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. जी प्रत्यक्षात पथ्याचं जेवण करते, रात्री उठून कूस बदलते, तिचं नाव कायद्यात नाही आणि बहुतेक वेळा मृत्युपत्रातही नाही. मुलगी मात्र आहे. १९८७ मध्येच, कल्याणला डॉक्टरकी करणाऱ्या एका विवाहित मुलीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांच्या पोषणाची जबाबदारी धरली. म्हणजे हक्कसोडपत्रावर सही केलेल्या बहिणीचा वाटा जातो, जबाबदारी जात नाही. तिला फोन करताना हे कोणी सांगत नाही.

आईवडिलांनाही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने द्यायला दोनशे रुपयांचा मुद्रांक पुरतो, वर स्थानिक अधिभार काय तो. स्वस्त आहे म्हणून वडील हयातीतच देऊन मोकळे होतात. २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने, सांभाळ न केल्यास असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण सांभाळाच्या अटीवरच दिलं होतं हे दिसायला हवं. म्हणून अट कागदातच लिहावी. मुलगा दुखावेल म्हणून ती लिहायला लाजणारे आईबाप या वहीत भेटतात. मुलानेच पुढाकार घेऊन ती लिहून घ्यावी, असं मला वाटतं. तसा एक मुलगाही यात आहे.

बाकी, आईला आश्रमात ठेवावं का, नोकरी सोडून घरी बसावं का, दिराचं कर्ज फेडावं का, यावर या वहीत जे आहे ते कोणालाही तपासून पाहता येणारं नाही. म्हणून तिथे संपादनात एकच नियम पाळला आहे. सल्ला देणारीच्या घरी तेव्हा काय चाललं होतं, ते दोन ओळींत लिहिलं आहे. जिने स्वतः अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलं नाही, तिने ‘सेवा कर, पुण्य लागतं’ म्हटलं तर ते वाचणाऱ्याला दिसावं. आणि जी आठ वर्षं सांभाळून थकली तिने ‘आता बाई ठेव’ म्हटलं तर तेही.

मालमत्तेच्या सल्ल्यांखाली वर्ष घातलं आहे, कारण ते शिळे होतात. बाईच्या नावे घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, ही सोय १ एप्रिल २०२१ पासून आली. तेव्हा पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती. २०२३ मध्ये ती अट गेली. वर्गात ती अजून जिवंत आहे आणि तिच्या भीतीने कितीतरी घरं नवऱ्यांच्या नावे होत आहेत.

या भागातलं काही वापरायचं ठरलं तर आधी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जावं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. जाताना चालू महिन्याचा सातबारा, फेरफाराची नक्कल आणि मृत्यूचा दाखला न्यावा. देताना झेरॉक्स द्यावी, मूळ कागद दाखवून परत पिशवीत ठेवावेत, सख्खा भाऊ सोबत असला तरी.